पहिला आकडा

मामा, काल तुझा दहावा झाला. पिंड ठेवून हात जोडतोय न जोडतोय तोच कावळा शिवला. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याची काय इच्छा मागं राहिली नाय. नसेल राहिली तुझी. माझी राहिली आहे, तिचं काय करायचं? तिच्यासाठी कुठला कावळा बोलवायचा?

आता सगळे पांगले आहेत. मामी मागच्या दारी भांडी लावतेय आणि मी तुझ्या खाटेवर बसून हे लिहितेय. लिहिणं तुला कधी पटलं नाही. "देवानं तोंड दिलंय ना गो सुरे, मंग बोल की," म्हणायचास. पण तोंडानं बोलायचं ते सात वर्षं बोलले नाही, म्हणून तर ही पाळी आली. तुझ्या बायपासनंतर तुला शुद्ध आली, घशातली नळी निघाली आणि घोगऱ्या आवाजात तू मला पहिला प्रश्न विचारलास. त्याचं उत्तर मी तुला खोटं दिलं. ते आज खरं करायचंय. उशीर झालाय, ठाऊक आहे. शिव्या द्यायच्या तर दे.

आधी तो उन्हाळा आठव. नव्वदीचं दशक नुकतं लागलं होतं, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीत आमच्या म्हसा गावाहून तुझ्याकडे किन्हवलीला आले होते. पाण्याची इंजिनं दुरुस्त करणारा म्हणून तुला आसपासच्या गावांत मान होता, आणि मी तुझी पिशवी घेऊन मागं मागं. नदीकाठच्या त्या भेंडीच्या मळ्यात दोन भाऊ एकमेकांच्या नरड्याशी आले होते. इंजिन एक, पाइप एक. खालचा बोंबलत होता की माझ्या वाफ्याला पाणी येत नाही. वरचा म्हणत होता, खोटं बोलतोय, हात लावून बघा, पाइप नुसता उड्या मारतोय.

"पाय ठेव गो पायपावर," तू मला म्हणालास.

मी ठेवला. काय तो धक्का! तळपाय झिणझिणला. मी म्हटलं, "मामा, केवढा जोर आहे पाण्याला!"

तू हसलास, इतका की तुला ठसका लागला. "जोर हाय. पानी कुठाय?"

मग तू गोडेतेलाचा रिकामा डबा उचललास आणि पार शेवटच्या वाफ्याशी नेऊन पाइपाच्या तोंडाखाली धरलास. मोठ्यानं एक, दोन, तीन मोजायला लागलास. शंभर झाले तरी डब्याचं बूड नुसतं भिजलं होतं. मधला जोड उघडला तर आत गवताचा बोळा, आणि बोळ्यात एक खेकडा फसलेला. तो काढलास. पुन्हा इंजिन लावलं आणि मी न सांगता पाय ठेवला. पाइप गप्प होता. आतून पाणी सळसळत जात होतं आणि वर धक्का म्हणून नाही. डबा अठ्ठावीस मोजायच्या आत भरला.

"बंद पाइपच जास्त उडतो," तू म्हणालास. "पान्याला पुढं वाट नसली का त्ये आपटत बसतं. वाट मिळाली का गप जातं. म्हनून हाताचा इस्वास धरायचा नाय. डबा लावायचा, त्यो बी शेवटच्या वाफ्याला."

आणि इंजिनाच्या खोपीच्या दारावर कोळशानं दोन आकडे लिहिलेस. आधीचा नि नंतरचा. मी म्हटलं, आधीचा कशाला, काम तर झालं. तर माझ्यावरच खेकसलास. "आधीचा लपवला तर काय काम केला त्ये कसा कळनार? पयला आकडा खोडायचा नाय." तालुक्यात इंजिनं दुरुस्त करणारे काय कमी होते? पण आपण यायच्या आधी काय होतं ते दारावर लिहून जाणारा तू एकटाच.

मग मी नोकरीला लागले, लग्न होऊन वाशिंदला आले, मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर झाले. आणि तू छातीत दुखायला लागल्यावर ओवा खात बसलास! चढ चढताना थांबायचास आणि मामीला म्हणायचास, पित्त झालंय. इंजिनाचा आवाज शंभर पावलांवरून ऐकून कुठला वॉशर गेलाय ते सांगणारा माणूस, स्वतःच्या छातीतलं ऐकायला तयार नाही. मी येऊन भांडले, तुला अक्षरशः दंडाला धरून एसटीत बसवलं, कल्याणला तपासण्या केल्या. तीन ठिकाणी अडथळे. आमच्या इस्पितळातल्या मोठ्या सरांनी, सर्जननी, फिल्म बघितली आणि म्हणाले, बायपास.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारच्या भेटीच्या वेळात, तू कॉटवर मांडी घालून बसला होतास. वॉर्डातले बाकीचे पेशंट देवाचं नाव घेत होते आणि तू मला उलटतपासणीला घेतलं होतंस. हृदयाला रक्त नेणाऱ्या बारक्या नळ्या बुजल्यात, मग नवीन नळी कुठून आणणार? मी सांगितलं, पायातली शीर काढतात आणि बुजलेल्या जागेच्या पुढं नेऊन जोडतात.

तू पाय लांब केलास, पोटरीवरून बोट फिरवलंस. मग म्हणालास, "उलटी लावत असतील."

मामा, माझ्या अंगावर काटा आला होता. कारण ती खरंच उलटी करून लावतात. शिकताना हे मला दोनदा समजावून घ्यावं लागलं होतं. मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? पायातलं रगत वर चढतं ना? मंग खाली उतरू नये म्हनून जागोजागी फूटव्हॉल असनारच. सरळ लावली तर व्हॉल आडवं येतील." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणालास, "तोंड मिट. माशी जाईल."

सातवी शिकलेला माणूस! मी नंतर पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेले आणि जिन्यात जरा वेळ नुसती उभी राहिले. तुला भिऊन नाही, तुझ्यासाठी भिऊनही नाही. आपल्या घरात केवढा माणूस आहे आणि आपण त्याला वर्षानुवर्षं वॉशर आणायला धाडतोय, असं काहीसं वाटलं होतं.

परत आले तर तुझा पुढचा प्रश्न तयार. "जोडल्यावर रगत जातंय का नाय, कसा बघतात?"

मी म्हटलं, सर बोट लावून बघतात, शीर उडते का ते. तू भुवई वर केलीस. मी घाईघाईनं सांगितलं की आता एक मशीन पण आलंय. चिमट्याएवढं टोक असतं, त्याच्या खाचेत ती शीर बसवायची. शिरेला भोक नाही, कापणं नाही. आवाजाच्या लहरी आरपार जातात, त्या कानाला ऐकू येत नाहीत, पण त्यांच्यावरून मिनिटाला किती रक्त पुढं चाललंय तो आकडा पडद्यावर येतो.

"म्हंजे तुमचा बी डबाच," तू म्हणालास आणि एकदम निवांत झालास. "मंग घाबरायचं काय? तू हायस ना डब्यापाशी?"

मी नसायला हवं होतं. घरच्या माणसाच्या ऑपरेशनला थिएटरमध्ये उभं राहू नये, असा रिवाज आहे. पण ते मशीन आम्ही दोघीच शिकलो होतो आणि दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. सरांनी विचारलं, "राहशील?" मी म्हटलं, राहीन. माझं काम शस्त्राला हात लावायचं नव्हतंच. लांब उभं राहायचं, पडद्यावर आकडा आला की मोठ्यानं वाचायचा आणि कागदावर लिहायचा. एवढंच.

मी किती हृदयं पाहिली होती तोवर! तुझं पाहिलं नव्हतं. हिरव्या कापडांच्या मधे तेवढीच एक उघडी जागा आणि तिच्यात ते हलतंय. बंद न करता, चालत्या हृदयावरच काम होतं ते. केवढंसं रे ते, तुझ्या मुठीएवढं. नदीला इंजिन खेचून नेणारा माणूस या एवढ्याशावर चालत होता? माझे हात नमस्कारासाठी जुळायला आले. तिथं तसं करत नाहीत म्हणून मी ते अंगाशी दाबून धरले.

पहिली शीर जोडून झाली. सरांनी बोट लावलं. "वा, काय उडतेय!" म्हणाले. सगळे खूश. मग म्हणाले, मशीन लावायचं तर लावा. मशीनवर त्यांचा तेव्हा फारसा विश्वास नव्हता. टोक लावलं गेलं, पडदा हलला, आकडा आला.

सात.

मी वाचला. "सात, सर." निदान पंचवीस-तीस तरी यायला हवा होता.

"टोक नीट बसलं नाही. जेली घाला."

जेली घातली. पुन्हा सात. पडद्यावरची रेघ टोकदार, वर जायची आणि लगेच खाली. आपटून परत आल्यासारखी.

"बोटाला तर छान लागतेय," सर म्हणाले. "मशीनचं काहीतरी बिघडलंय. बंद कर ते, पुढची घेऊ."

आणि मामा, मी बटणावर बोट ठेवलं.

हेच सांगायचंय तुला. नोकरीला लागल्यापासून सरांचा शब्द मी खाली पडू दिला नव्हता. त्यांनी किती माणसं घरी चालत पाठवली होती, आणि मी कोण? आकडा वाचणारी. बोट बटणावर होतं, अर्धा मिनिट तरी असेल. तू समोर उघडा पडला होतास आणि तुझी भाची विचार करत होती की सर रागावतील. मी दाबणार होते. खोटं कशाला बोलू आता, दाबणार होते.

मग सरांनी पुन्हा बोट लावलं, पुन्हा म्हणाले, "बघा ना, कशी उडतेय." आणि माझ्या तळपायाला तो धक्का बसला. उगाच म्हणत नाही, खरंच बसला, झिणझिण्या आल्या. आणि तोंडातून निघूनच गेलं.

"सर, बंद पाइपच जास्त उडतो."

थिएटरमध्ये कोणीतरी मास्कच्या आत फिसकन हसलं. सरांनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

"पुढं वाट नसली की पाणी आपटत राहतं, सर. हाताला जोर लागतो. वाट असली की पाइप गप्प असतो." आणि मग कोणाची तरी साक्ष काढावी म्हणून मी म्हटलं, "पेशंट म्हणतो, सर."

"पेशंट म्हणतो?"

"इंजिनं दुरुस्त करतो तो."

सर त्या टोकदार रेघेकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "कात्री द्या." जोड उकलला. आत एका टाक्यानं समोरची भिंतही धरली होती. केसासारखा दोरा, चुकायला काय लागतं? पण त्या एका टाक्यानं तुझी वाट बंद झाली होती. सरांनी पुन्हा जोडलं, एकेक टाका घेत. बोट लावलं. आता शीर मवाळ होती, उडत नव्हती फारशी. टोक लावलं.

"बेचाळीस," मी वाचलं.

आणि ती रेघ, मामा! ती मी तुला कधी नीट सांगितलीच नाही. हृदय आवळतं तेव्हा सगळ्या अंगाला रक्त जातं, डोक्याला, हाताला, पायाच्या अंगठ्याला. तेव्हा त्याच्या स्वतःच्या वाट्याला फार थोडं. ते सैल पडतं, घडीभर थांबतं, तेव्हा कुठं त्याला स्वतःला मिळतं. पडद्यावर ते दिसतं, थांबण्याच्या वेळी रेघ भरून येते, अशी गोलसर. मामी कशी, सगळ्या पंगती उठल्यावर चुलीपाशी बसून जेवते, तसं. आपण जन्मल्यापासून हे चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही. मी ती रेघ बघत राहिले. सर म्हणाले, "लिहिलंस का?" तेव्हा भानावर आले.

दुसऱ्या दिवशी तुझा तो प्रश्न. "किती?"

"बेचाळीस," मी म्हटलं.

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. तर म्हणालास, "पयल्यांदाच?"

"हो, पहिल्यांदाच."

का बोलले खोटं? तू घाबरशील म्हणून, हे एक. सरांचं नाव खराब होईल म्हणून, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही सबबी आहेत. खरं कारण ते बोट. पहिला आकडा सांगितला असता तर बोटाचंही सांगावं लागलं असतं. तुझ्यापुढं अर्धं सांगून सुटका झालीय का कधी कोणाची?

मग तू सात वर्षं माझा छळ मांडलास. जो भेटेल त्याला सांगायचास, डाक्टरचा हात सोन्याचा, एका फटक्यात काम. म्हशाच्या जत्रेत तर कहर केलास. बैलांच्या बाजारात, धुळीत, घोंगडी खांद्यावर टाकून, चार पाहुण्यांसमोर मला म्हणालास, "तुमच्या त्या डब्याचा काय उपेग झाला गो? डाक्टरच्या बोटालाच सगळा कळला." मी चिडले. म्हटलं, बोटाला काय कळतं, तूच शिकवलंस ना मला? "मंग सांग की, डब्यानं काय केला?" म्हणालास आणि माझ्याकडे बघत राहिलास. चार माणसं वाट बघत होती. मी म्हटलं, काही नाही, चल, जिलेबी घे. तू पुढं चालायला लागलास, न धापा टाकता, तो चढ चढलास, आणि मला रडूही येईना आणि हसूही येईना.

किन्हवलीच्या स्टँडवर मला सोडायला यायचास. गाडी लागेपर्यंत सगळं बोलून व्हायचं, भातापासून सोयरिकीपर्यंत. मी पायरीवर पाय ठेवला की विचारायचास, "आनि काय?" मी म्हणायचे, काही नाही, गोळ्या घे वेळेवर. दर वेळी. मला वाटायचं, तुझी बोलायची लकब आहे.

सरांनी त्या दिवसाचा विषय माझ्याशी कधी काढला नाही. पण त्यानंतर एकही ऑपरेशन त्यांनी आकडा घेतल्याशिवाय बंद केलं नाही. आकडा कमी आला की माझ्याकडे बघून म्हणतात, "तुझा मामा काय म्हणेल?" किती माणसं त्यामुळं घरी गेली असतील, मामा! कुणाला तुझं नाव ठाऊक नाही, किन्हवली कुठं आहे तेही नाही.

आणि तू गेलास तो इंजिनापाशीच. पाना हातात, सावलीला टेकलास ते उठला नाहीस. तीच शीर पुढं बुजली की दुसरी कुठली, कोण सांगणार? सात वर्षं चालली एवढं खरं. मला वाटत होतं अजून चालेल. मला वाटत होतं, वेळ आहे.

इथवर लिहिलं आणि मामी चहा घेऊन आली. "एवढा काय लिवतंस?" म्हणाली. मी म्हटलं, बस, वाचून दाखवते. वाचलं. बटणावरचं बोट आलं, तेही न गाळता वाचलं. सगळं झाल्यावर मामीनं कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "त्यांना म्हायती होता गो."

"काय माहीत होतं?"

"सगळा. दुसऱ्या महिन्यात दाखवायला गेलो, तवा त्या डाक्टरनी त्यांना आत बसवून सांगितला. चूक माझी झाली व्हती, म्हनला. मी बंद कर म्हनलो तरी तुमच्या भाचीनं मशीन बंद केली नाय, म्हनला. बाहेर आले त्ये डोळे पुशीतच आले. मी म्हटला, मंग सुरीला सांगा ना, तुमाला कळला म्हनून. तर म्हनले, नको. तिच्या तोंडानं आयकायचा हाय मला. सांगंल ती. मला कुठं घाई हाय?"

चहावर साय धरली.

"शेवटच्या दिशी बी इंजिनावर जाताना दारातून वळून बोलले," मामी म्हणाली. "म्हनले, आयतवारी सुरी येनार हाय. या खेपेला बोलंल बघ."

मी रविवारची रजा टाकली होती, मामा. गुरुवारीच यावं लागलं.